पासाडेना, ५ फेब्रुवारी १९६३

कॅलटेकमधल्या या खोलीत तुम्ही खगोलशास्त्रज्ञ मार्टन श्मिट यांच्या मागे उभे आहात. मध्येच काही बोलू नका, माणूस आधीच वैतागलाय. टेबलावर पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून डिसेंबरात घेतलेला वर्णपट आहे. भिंगातून बघा: करड्या पट्टीवर चार-सहा रुंद, धूसर रेघा. ओळखीच्या एकाही मूलद्रव्याशी त्यांचा मेळ बसत नाही.

हा ३सी २७३. रेडिओलहरींचा जबरदस्त स्रोत, पण फोटोत निव्वळ एक तारा. त्याची नेमकी जागा मिळाली ती ऑगस्ट १९६२ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीवर. चंद्राने तो कधी झाकला नि कधी मोकळा केला, त्या वेळांवरून. तिची तबकडी इतकी खाली झुकवावी लागली, की वाटेतली झाडं तोडली!

‘नेचर’साठी लेख लिहायचाय, म्हणून श्मिट रेघांची पुन्हा आकडेमोड करतायत. आता पाहा, पेन थांबलं. या तर हायड्रोजनच्याच रेघा, फक्त १६ टक्के तांबड्याकडे सरकलेल्या. म्हणजे हा ‘तारा’ सेकंदाला सुमारे ४७,००० किलोमीटर वेगाने दूर पळतोय, म्हणजेच तो अफाट लांब आहे! बाहेर सहकारी जेसी ग्रीनस्टाइन दिसतात. श्मिट त्यांना आत ओढतात. काही मिनिटांत ३सी ४८ या अशाच दुसऱ्या स्रोताचं कोडंही सुटतं, तिथे सरक ३७ टक्के. रेघा कित्येक आठवडे समोर होत्या, पण ताऱ्यासारख्या ठिपक्याला इतक्या लांब ढकलायची छाती कुणाची होईल? मला तरी हे धाडस गणितापेक्षा मोठं वाटतं.

आता सुमारे २०० कोटी वर्षं मागे या, हा प्रकाश निघाला तिथे. पृथ्वीवर सूक्ष्मजीवांचंच राज्य आहे. इथे, एका दीर्घिकेच्या गाभ्यात, कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती वायू गरगरत आत कोसळतोय. घर्षणाने तो इतका तापतो, की अतिनील आणि क्ष-किरण ओकू लागतो. सूर्य हायड्रोजनच्या जेमतेम ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा करतो. इथे ते प्रमाण १० टक्क्यांच्या घरात जातं. म्हणून तर अख्खी दीर्घिका या ठिपक्यापुढे फिकी पडते. श्मिटना यातलं काहीच ठाऊक नाही. दीर्घिकांच्या गाभ्यातल्या कृष्णविवरांची मांडणी डोनाल्ड लिंडेन-बेल १९६९ मध्ये करतील.

परत आलात, की एप्रिलच्या अमावास्येला गावाबाहेर आठ इंची दुर्बीण लावा. कन्या राशीत, १३व्या प्रतीचा तो ठिपका आजही दिसतो. नकाशा मात्र सोबत ठेवा, शेजारच्या ताऱ्यांतून तो वेगळा ओळखू येत नाही.