आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद : नेतृत्व आणि उद्दिष्टे

देशोदेशीच्या परिचारिका-संघटनांचा जागतिक संघ. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस, थोडक्यात आयसीएन, या नावाने प्रसिद्ध. स्थापना लंडन, १८९९. मुख्यालय १९६६ पासून जिनीव्हात. सुमारे १३० राष्ट्रीय संघटना सभासद आहेत. मुंबईत १९०८ साली स्थापन झालेली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९१२ मध्ये परिषदेशी संलग्न झाली.

पहिल्या अध्यक्ष एथेल बेडफर्ड फेनविक (१८५७–१९४७) या वयाच्या चोविसाव्या वर्षीच लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. शिकलेल्या परिचारिकांची कायद्याने नोंदणी व्हावी, यासाठी त्या सुमारे तीस वर्षे भांडल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा या मागणीला ठाम विरोध होता. १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि नोंदवहीत पहिले नाव फेनविक यांचे लागले. गंमत म्हणजे नाइटिंगेल यांचा १२ मे हा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून जगभर रुजवला, तो फेनविक यांच्याच परिषदेने.

अध्यक्षाची निवड सभासद संघटनांचे प्रतिनिधी करतात. मुदत चार वर्षे. नवा अध्यक्ष आपल्या कारकिर्दीसाठी परवलीचा एक शब्द जाहीर करतो. जपानच्या हिरोको मिनामी (२००५) यांनी ‘सुसंवाद’, आयर्लंडच्या ॲनेट केनेडी (२०१७) यांनी ‘एकत्र’, तर अमेरिकेच्या पामेला सिप्रियानो (२०२१) यांनी ‘प्रभाव’ अशा अर्थाचा शब्द निवडला. जून २०२५ मध्ये हेलसिंकीच्या अधिवेशनात स्पेनचे होसे लुईस कोबोस सेरानो यांच्याकडे सूत्रे आली. परिषदेची वाटचाल मात्र या शब्दांपेक्षा तिच्या आचारसंहितेतून जास्त कळते. १९५३ च्या पहिल्या संहितेत डॉक्टरांच्या आज्ञा समजून-उमजून आणि निष्ठेने पाळणे हे परिचारिकेचे कर्तव्य ठरवले होते. १९७३ मध्ये ते कलम गळाले आणि पहिली जबाबदारी रुग्णाप्रती ठरली.

परिषदेपुढील कामांत सर्वांत अवघड काम मनुष्यबळाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका-परिचारक आहेत आणि तरीही ५८ लाख कमी पडतात. २०३० पर्यंत ही तूट ४१ लाखांवर येईल असा अंदाज आहे. पण वाटणी विषम आहे : निम्म्याहून किंचित कमी लोकसंख्येच्या देशांत ७८ टक्के परिचारिका एकवटल्या आहेत. श्रीमंत देशांतल्या जवळपास एक चतुर्थांश परिचारिकांचा जन्म परदेशातला. केरळातून आलेली सिस्टर मुंबईच्या वॉर्डात रात्रपाळ्या करून अनुभवाचा दाखला मिळवते आणि आखाताची किंवा ब्रिटनची वाट धरते, हे आपल्याकडे नवे नाही. शिक्षणाचा खर्च एका देशाचा, ड्यूटी दुसऱ्या देशात.

परिषदेचे म्हणणे असे की परिचारिकेला देशांतर करण्याचा हक्क आहे. पण प्रत्येक देशाने आपल्या गरजेपुरत्या परिचारिका स्वतः तयार कराव्यात आणि तुटवड्याच्या देशांतून सरसकट भरती करू नये. अडचण अशी, की परिचारिका पाठवणारे आणि नेणारे अशा दोन्ही प्रकारच्या देशांतील संघटना परिषदेत मते देतात. भरती थांबवण्याचा अधिकार परिषदेला नाही; ठराव करावेत, सरकारांकडे आणि जागतिक आरोग्य संघटनेकडे पाठपुरावा करावा, एवढेच तिच्या हाती. सभासदांची वर्गणी हेही दुखणे आहेच. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने वर्गणीच्या वादातून २०१३ मध्ये परिषद सोडण्याचा निर्णय मतदानाने घेतला होता.