जोड सायलेन्सरची कुळकथा

जुन्या अमेरिकन गाडीखालून मागच्या बंपरपर्यंत गेलेले दोन पाइप दिसले की बघणारा ते ताकदीचं लक्षण समजतो. गाडी ‘भारी’ करायला निघालेला मालकही बहुधा तिथूनच सुरुवात करतो: आधी ड्युअल एक्झॉस्ट, मग पैसे जमले की हेडर. या जोडीचं मूळ शोधायला गेलं तर मात्र ताकदीच्या आधी काटकसर भेटते. व्ही-आठ इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळ आपापल्या बाजूला धूर टाकते. दोन बाजूंना दोन पाइप ही कल्पना कुणाला सुचावी लागत नाही, इंजिनाची रचनाच ती सुचवते. डोकं लढवावं लागलं ते दोन्हीकडचा धूर एका पाइपात आणण्यासाठी, कारण त्यात एक पाइप, एक सायलेन्सर आणि बरेच पैसे वाचतात. म्हणून ‘पहिला ड्युअल एक्झॉस्ट कुणाचा’ या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. दुसरा पाइप कुणी गाळला आणि तो परत कुणी आणला, हे पाहिलं की कुळकथा हाती लागते.

फोर्डने १९३२ साली व्ही-आठ इंजिनाची गाडी पाचशे डॉलरच्या आत बाजारात आणली. इंजिन २२१ घनइंचांचं, ताकद ६५ अश्वशक्ती. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची मिरास होती; ती सामान्य माणसाच्या दारात आणायची तर पै-पै वाचवणं भाग होतं. त्या इंजिनाच्या एका बाजूला वाकून पाहिलं तर सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डचं तोंड पुढे वळवलेलं दिसतं. तिथून एक आडवा पाइप इंजिनाच्या पुढून, खालच्या अंगाने दुसऱ्या बाजूला जातो आणि तिकडच्या ओळीच्या धुरात मिसळतो. पुढे सगळ्या आठ सिलिंडरना मिळून एकच वाट. आतली रचना याहून अडचणीची होती. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले असल्याने तापलेला धूर ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या पोकळ्यांना चाटून बाहेर पडे. एका बाजूच्या चार सिलिंडरना तोंडं तीनच, म्हणजे मधल्या दोघांना एकाच दारातून जावं लागे. रेडिएटर उकळण्याची या इंजिनाची खोड त्यातूनच आली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर वेगाच्या शर्यती लावणाऱ्या तरुणांनी हेच इंजिन उचललं, कारण ते स्वस्त होतं आणि भंगारातही मिळत होतं. आडवा पाइप काढून प्रत्येक ओळीला तिची स्वतःची वाट देणं हा त्यांचा साधा, हातासरशी होणारा उपाय होता. १९३७ साली या मंडळींच्या क्लबांची संघटना उभी राहिली, तेव्हा ही दुरुस्ती त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होऊन गेली होती.

दुसरा पाइप नेमकं काय करतो, हे समजायला व्ही-आठपेक्षा शेव्हरोलेचं ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन जास्त उपयोगी पडतं. त्याचा पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. हा क्रम नीट पाहावा: एक ठिणगी पुढच्या तिघांत, पुढची मागच्या तिघांत, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. बिडाचा मॅनिफोल्ड मधोमध कापून दुसरं तोंड वेल्ड केलं की प्रत्येक पाइपात तीन धक्के अगदी समान अंतराने येतात. एकाचा धूर बाहेर पडत असताना शेजारचा त्याच्या अंगावर धूर सोडत नाही. गॅरेजवाल्यांचा हा ‘स्प्लिट मॅनिफोल्ड’ दिसायला ओबडधोबड असला, तरी हिशेबाने चोख होता. व्ही-आठचं तसं नाही. त्याच शेव्हरोलेच्या पुढच्या व्ही-आठचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे. विषम आकडे डावीकडचे, सम उजवीकडचे. इथे डावीकडे पाचपाठोपाठ लगेच सात पेटतो, उजवीकडे आठपाठोपाठ चार. म्हणजे दोन स्वतंत्र पाइप देऊनही प्रत्येक पाइपात एक जोडी एकमेकांच्या पायात पाय घालते. अमेरिकन व्ही-आठची ती गुरगुर लोकांना फार प्रिय आहे, पण ती या असमान धक्क्यांचा आवाज आहे. म्हणूनच दोन पाइपांना मध्ये जोडणारी आडवी नळी पुढे पुन्हा आली. आता ती दोन्ही पाइप कायम ठेवून फक्त धक्के वाटून घेते.

हेडर म्हणजे बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी प्रत्येक सिलिंडरला दिलेली स्वतंत्र लांब नळी. त्याचा वंश वेगळा आहे, आणि ड्युअल एक्झॉस्टशी त्याची गल्लत होते तिथेच बरेच पैसे वाया जातात. धुराचा धक्का नळीतून सुटतो, मोकळ्या तोंडाशी पोचतो आणि तिथून कमी दाबाची लाट होऊन परत फिरतो. ती लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेताला पोचली तर उरलासुरला धूर ओढून घेते आणि त्याच्या मागून ताजा हवा-पेट्रोलचा घासही आत खेचते. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या घरात असतो. मीटरभर नळीतून जाऊन यायला तिला सुमारे चार मिलिसेकंद लागतात, आणि मिनिटाला ५००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाची एक फेरी १२ मिलिसेकंदांत पुरी होते. म्हणून हेडरमध्ये नळ्यांच्या लांबीला इतकं महत्त्व. लॉस एंजेलिसचे सँडी बेलॉंड याच धंद्यातले. त्यांच्या एक्झॉस्टचं नाव मिरवणाऱ्या गाडीने १९५७ साली सॅम हँक्सच्या हातात आणि १९५८ साली जिमी ब्रायनच्या हातात इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. त्या गाडीत चार सिलिंडरचं ऑफेनहाउजर इंजिन होतं. समान अंतराने पेटणारे चार सिलिंडर ही हेडरसाठी उत्तम जागा. शर्यतीत ते इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर पळतं. रस्त्यावरची जुनी गाडी दोन-अडीच हजार फेऱ्यांवर रमते, तिथे तीच लाट अवेळी परत येते.

यावर कुणी म्हणेल की काटकसर वगैरे ठीक, पण पाइप मिरवायची हौस त्याही आधीची आहे. १९३२ च्या सुपरचार्जर लावलेल्या ड्यूसेनबर्ग एसजेच्या बॉनेटमधून बाहेर आलेल्या चकचकीत लवचीक नळ्या सगळ्यांच्या डोळ्यांत भरल्या. लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी करून घेतलेली इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग अशाच नळ्यांची होती. आक्षेप खरा आहे. सुपरचार्जर नसलेल्या जे मॉडेलच्या मालकांनीही नंतर तशा नळ्या लावून घेतल्या, म्हणजे तिथे हौस उघडच होती. पण ते इंजिन ओळीतल्या आठ सिलिंडरचं. सगळा धूर एकाच बाजूला निघणारा. तळ्यावरच्या पोरांनी जो प्रश्न सोडवला, तो त्या इंजिनात नव्हताच. दोन्ही घराणी पुढे एकाच बंपरखाली नांदली एवढंच.

कारखान्यांनी ही दुरुस्ती परत आपल्या घरात घेतली ती १९५० च्या दशकात. १९५२ च्या कॅडिलॅकला ड्युअल एक्झॉस्ट आला आणि ताकद १६० वरून १९० अश्वशक्ती झाली. तिथे दोन सायलेन्सरचा हेतू समजण्यासारखा होता: गाडी शांत ठेवून धुराचा अडथळा कमी करणं. १९५३ च्या शेव्हरोलेच्या पहिल्या कॉर्व्हेटमध्ये सहा सिलिंडरचंच इंजिन होतं, पण मॅनिफोल्ड दुभंगलेला आणि पाइप दोन, म्हणजे गॅरेजमधलीच युक्ती. त्याच वर्षी डिसेंबरात शेव्हरोलेचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी मूळ कंपनी जनरल मोटर्समधल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिलं: हॉट रॉडवाली, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी सुधारणारी, तरुण मंडळी फोर्डवर वाढली आहेत, त्यांना आपल्याकडे आणायचं तर सुटे भाग आपणच तयार करून दिले पाहिजेत. फोर्डच्या त्या तापणाऱ्या व्ही-आठवर बसणारी ‘आर्डन’ सिलिंडर-हेड त्यांनी आधी भावासोबत बनवली होती, त्यामुळे ही मंडळी त्यांना जवळून माहीत होती. १९५५ च्या शेव्हरोलेचा ड्युअल एक्झॉस्ट असलेला ‘पॉवर पॅक’ घेतला की १६२ ची अश्वशक्ती १८० होई.

इथे जाणकार थांबवतील. त्या पॅकमध्ये चार तोंडांचा कार्बुरेटरही होता, मग १८ अश्वशक्तीचं श्रेय पाइपांना कसं द्यायचं? देता येत नाही, हे मान्य. शिवाय १९७२ पूर्वीचे अमेरिकन आकडे बहुधा चाचणीच्या बाकावर, गाडीचा सायलेन्सर न लावता मोजलेले असत, तेव्हा ते आकडे पाइपांचे साक्षीदारच होऊ शकत नाहीत. मला जास्त भरवशाचा वाटतो तो क्रायस्लरचा पुरावा. १९६२ च्या ४१३ घनइंची ‘मॅक्स वेज’ इंजिनासाठी त्यांनी बिडातच लांब, वर वळवलेल्या शाखांचे हेडर ओतले. ओतकामाला खर्चीक, वजनाला जड, आणि बॉनेट मिटलं की न दिसणारे. रस्त्यावर मिरवायला कुणी इतका खटाटोप करत नाही.

जुनी गाडी जशीच्या तशी जपणारे म्हणतात की हेडर बसवणं म्हणजे तिच्या इतिहासात ढवळाढवळ. मला हे सरसकट पटत नाही. फोर्डच्या व्ही-आठला दोन पाइप किंवा शेव्हरोलेच्या सहाला दुभंगलेला मॅनिफोल्ड देणं ही त्या गाड्यांच्याच काळातली रीत आहे, तेव्हा ती इतिहासाचाच भाग. पण पातळ पोलादी नळ्यांच्या हेडरबाबत त्यांचं म्हणणं वजनदार आहे. बीड उष्णता धरून ठेवतं, आवाज दाबतं आणि दशकानुदशकं टिकतं. पातळ नळी गंजते, गॅस्केटपाशी फुसफुसते, स्टार्टर आणि प्लगच्या वायरी भाजते, आणि तिने दिलेला फायदा रस्त्यावरच्या फेऱ्यांना क्वचितच हाती लागतो. अशा गाडीला दोन पूर्ण पाइप, मध्ये जोडनळी आणि मूळचेच मॅनिफोल्ड, हा मेळ मला सर्वांत रास्त वाटतो.

१९७५ साली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि काटकसर परतली. आतल्या प्लॅटिनममुळे तो महाग, म्हणून त्या वर्षीच्या कॉर्व्हेटला एकच बसवला: दोन्ही ओळींचा धूर एकत्र आणून त्यातून काढला आणि पुढे पुन्हा दोन पाइपांत वाटून मागे नेला. बाहेरून पाहणाऱ्याला पाइप दोनच दिसत राहिले. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना आज धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, त्यामुळे तिथे कन्व्हर्टरपूर्व गाड्यांवर दुसरा पाइप बसवण्याचं काम अजून चालू आहे.