तीन टेराबाइटची ७४६ गिगाबाइट कशी झाली?

२०१० साली तीन टेराबाइटच्या हार्ड डिस्क बाजारात आल्या. काही संगणकांना त्या जोडताच पडद्यावर भलताच आकडा उमटू लागला : ७४६ गिगाबाइट. डिस्क निर्दोष, केबल ठीक, आणि तरीही जवळजवळ तीन चतुर्थांश जागा बेपत्ता. या ७४६ चे मूळ १९८३ सालात आहे. #थ्रेड

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने 'पीसी एक्सटी' हा संगणक आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. सोबतच्या पीसी-डॉस २.० ने डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, नोंदवण्याची रीत घालून दिली. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या सूचनांसाठी, अखेरचे दोन ओळखखुणेसाठी आणि मधल्या ६४ बाइटांत चार विभागांचा तक्ता. विभाग कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे दोन आकडे प्रत्येकी ३२ बिटांत लिहायचे.

३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ सेक्टरच मावतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरल्यास ही मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट. त्या काळच्या डिस्कच्या मानाने ही दोन लाख पट सोय होती. ती आखणाऱ्यांना अदूरदर्शी म्हणणे अन्यायाचे ठरेल. तीन टेराबाइटच्या डिस्कवरील सेक्टरांची संख्या मात्र या चौकटीत मावेना. काही जुन्या ड्रायव्हरांनी मग वरचे बिट सरळ गाळले. ९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यापासून मोजू लागावा, तसे झाले. बाकी उरली सुमारे ८०,१५७ कोटी बाइट. विंडोज गिगाबाइट मोजताना हजाराऐवजी १०२४ च्या पटी धरते, म्हणून ७४६.

असा बांध याआधीही अनेकदा आला होता. नव्वदच्या दशकातील ५०४ मेगाबाइटचा बांध तर विलक्षणच म्हणावा लागेल. बायोस १,०२४ सिलिंडरांपलीकडे मोजू शकत नव्हता. डिस्कची एटीए पद्धत १६ हेडांपलीकडे जात नव्हती. दोन्ही व्यवस्था स्वतंत्रपणे ऐसपैस होत्या. एकत्र काम करताना मात्र प्रत्येकीचा सर्वांत अरुंद भागच उपयोगी पडे : १,०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. पुढे सुमारे ३२ गिगाबाइटपाशी काही बायोस इतके गोंधळत, की उत्पादकांनी डिस्कवर एक जंपर दिला. तो लावला की डिस्क स्वतःच आपली क्षमता कमी सांगे! जुन्या डिस्कवर हा जंपर विसरून राहिलेला आजही सापडतो.

खरा घातक बांध १३७ गिगाबाइटचा. एटीएमध्ये सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा होता. २००२ च्या सुमारास तो ४८ बिटांचा झाला आणि विंडोज एक्सपीला ही जाण सर्व्हिस पॅक १ सोबत आली. नव्या व्यवस्थेत विभागलेली मोठी डिस्क ४८ बिटांची जाण नसलेल्या व्यवस्थेला जोडली, की मर्यादेपलीकडे लिहायचा मजकूर पत्त्याचे वरचे बिट गळाल्याने डिस्कच्या आरंभी जाऊन पडे. विभागांचा तक्ता नेमका तेथेच असतो. क्षमता चुकीची आणि पार्टिशन गायब, ही दोन लक्षणे एकत्र दिसतात ती अशी.

अशा वेळी विंडोज साळसूदपणे 'डिस्क इनिशियलाइझ करा' असे सुचवते. बहुतेक नुकसान तेथे होते. तक्ता म्हणजे केवळ यादी. दफ्तरातील यादी फाटली तरी रुमाल कपाटात असतात. नवी कोरी यादी लिहून त्या कपाटात नवे कागद भरू लागलो, तर मात्र जुने खरोखरच जातात. म्हणून आधी डिस्कवर काहीही न लिहिता ती दुसऱ्या संगणकाला थेट जोडून पाहावी. लेबलावरची सेक्टरसंख्या आणि संगणक सांगतो ती संख्या जुळते का, हे ताडावे. जुळत नसेल तर दोष बायोस, ड्रायव्हर, जंपर किंवा यूएसबी खोक्यात शोधावा; चुकीच्या क्षमतेवर तक्ता दुरुस्त करणे व्यर्थ. संख्या जुळली, की शक्य तर संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत काढून मगच टेस्टडिस्कसारखे साधन चालवावे. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला हा मुक्त प्रोग्राम विभागांच्या आरंभीच्या खुणा शोधून हरवलेला तक्ता पुन्हा जुळवतो.

यूएसबी खोक्यांचा एक प्रकार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २.२ टेराबाइटचा बांध चुकवण्यासाठी काही खोकी संगणकाला सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटचा असल्याचे भासवत. तीच डिस्क खोक्यातून काढून थेट जोडली, की तक्त्यातील प्रत्येक आकड्याचा अर्थ आठपट बदलतो आणि विभाग नाहीसे होतात. पुन्हा त्याच खोक्यात ठेवल्यास सारे जागच्या जागी!

१९८३ च्या तक्त्याची जागा पुढे जीपीटीने घेतली. तिच्यात पत्ते ६४ बिटांचे असतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. तरीही जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या रीतीचा एक तक्ता लिहिलेलाच असतो. संपूर्ण डिस्क व्यापली आहे, एवढेच तो सांगतो, म्हणजे जुन्या प्रोग्रामांना ती रिकामी वाटत नाही. डिस्क २.२ टेराबाइटहून मोठी असेल, तर त्या तक्त्यात ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा भरलेला असतो.