हरळी, टापा आणि माळी : मुंबईच्या मैदानाची एक उपेक्षित कथा

खेळांचा इतिहास लिहिणारे धावा मोजतात, बळी मोजतात, विजेत्यांची नावे सुवर्णाक्षरांनी कोरून ठेवतात. परंतु ज्या गवतावर हा सारा पराक्रम घडतो त्या गवताची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते ही उपेक्षा केवळ गवताची नव्हे. गवत कोणी राखले, ते कोणी तुडवले, त्याला पाणी कोणी घातले आणि त्यावर पाऊल ठेवण्याचा अधिकार कोणाला मिळाला, या चार प्रश्नांच्या उत्तरांत आपल्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा भाग दडलेला आहे. मुंबईच्या मैदानांची कथा या दृष्टीने वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या गवताची ओळख करून घेऊ. आपल्याकडील मैदानांचा खरा आधार म्हणजे हरळी. देवपूजेत आपण तिला दूर्वा म्हणून मस्तकी लावतो आणि शेतात तिचाच वैरी म्हणून पिच्छा पुरवतो. काळ्या रानात हरळी माजली की तिच्या काशा वेचता वेचता शेतकऱ्याची पाठ मोडते. एक तुकडा जरी मातीत राहिला तरी पुढच्या पावसाला तो पुन्हा मान वर काढतो. शेतकऱ्याला जो दुर्गुण वाटतो, तोच खेळाडूच्या दृष्टीने सद्गुण ठरतो. जमिनीवर धावणारे तंतू आणि जमिनीखाली पसरणाऱ्या काशा अशा दुहेरी मार्गाने हरळी वाढते. त्यामुळे वरचे पाते तुडवले गेले तरी खालचा जीव शाबूत राहतो. कडक उन्हात ती पिवळी, मग तपकिरी होते. पाहणाऱ्यास ती मेली असे वाटते. पण ती निजलेली असते. मृगाच्या दोन सरी पडताच आठवड्याभरात ती हिरवी होऊन उठते. समुद्राकडून येणारा खारा वाराही ती सोसते.

परंतु सहनशीलतेला मर्यादा असते, मग ती गवताची असो वा माणसाची. मुंबईत वर्षाकाठी सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने आकाश कोरडे. आणि क्रिकेटचा मुख्य हंगाम नेमका याच कोरड्या काळातला. म्हणजे गवताला जेव्हा विश्रांती हवी तेव्हाच त्यावर सर्वाधिक पावले पडतात. सततच्या तुडवणीने माती दाबली जाते, तिच्यातील हवा निघून जाते, पाणी मुरेनासे होते आणि मुळ्या वरच्या वर राहतात. अशा जमिनीवर रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे म्हणजे तहानलेल्याच्या ओठांना नुसते बोट लावणे होय. त्याने मुळ्या आणखीच आळशी होतात. जाणता माळी पाणी क्वचित पण खोलवर देतो, उन्हाळ्यात गवत फार खाली कापीत नाही, घट्ट झालेली जमीन टोचून मोकळी करतो, उघड्या पडलेल्या जागी हरळीचे तुकडे रोवून त्यांवर चाळलेली माती पसरतो, आणि मुख्य म्हणजे मैदानाचा काही भाग आळीपाळीने पडीक ठेवतो. पाणी, माती आणि विश्रांती या तिन्हींत विश्रांती सर्वांत स्वस्त दिसते. पण इतिहास सांगतो की तीच सर्वांत दुर्मिळ.

आता मूळ कथेकडे वळू. मुंबईच्या किल्ल्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली विस्तीर्ण जागा एस्प्लनेड या नावाने ओळखली जाई. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६० नंतरच्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि या जागेचे लष्करी प्रयोजन उरले नाही. तत्पूर्वीच पारशी तरुणांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला होता. त्यांच्यामागून हिंदू आणि मुसलमान तरुणही बॅट हाती घेऊ लागले. पाहता पाहता या गवतावर अनेक क्लबांचे खेळ एकमेकांना खेटून चालू लागले. एकाच्या सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असे.

१८७५ साली युरोपियनांनी बॉम्बे जिमखाना स्थापन केला. त्याचे स्वतःचे राखीव क्रिकेट मैदान होते आणि त्यावर एतद्देशीयांस प्रवेश नव्हता. तेवढ्याने भागले असते तर कदाचित कलह झाला नसता. पण जिमखान्याच्या सभासदांना पोलोचाही शौक होता, आणि पोलोसाठी त्यांनी आपले मैदान न वापरता एतद्देशीय क्रिकेटपटूंचे मैदान पसंत केले. पोलोला सुमारे ३०० यार्ड लांबीची जागा लागते. क्रिकेटची खेळपट्टी अवघी २२ यार्डांची. भरधाव घोडा एकाएकी वळवला की त्याच्या टापेखालची हरळी मुळासकट उपटून निघते. ओल्या जमिनीत टापांचे खळगे पडतात आणि ऑक्टोबरच्या उन्हाने तेच खळगे विटेसारखे कठीण होऊन बसतात. अशा जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा उरत नाही. फलंदाजाचे कौशल्य निरर्थक होते आणि क्षेत्ररक्षकाचे तोंड धोक्यात येते. म्हणजे आठवड्यातून एक-दोन सायंकाळी मूठभर स्वारांनी खेळावे आणि त्याचे परिणाम शेकडो मुलांनी उरलेले सर्व दिवस भोगावे, असा हा व्यवहार होता.

या अन्यायाविरुद्ध उभे राहिले ते शापूरजी सोराबजी हे पारशी क्रिकेटपटू. १८८१ साली शेकडो एतद्देशीय खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यात पारशी, हिंदू आणि मुसलमान असे तिन्ही समाज एकत्र होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे; राष्ट्रीय सभेची स्थापना व्हायला अद्याप चार वर्षे अवकाश होता. अर्जदारांनी स्वराज्य मागितले नव्हते. त्यांनी मागितले होते एवढेच की, आमचे गवत तुडवू नका. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने १८८२ मध्ये पोलो अन्यत्र हलवण्याचा हुकूम दिला. पण जिमखान्याने आपले वजन खर्च केले आणि पुढच्याच वर्षी घोडे परत आले. शापूरजींनी ही सर्व हकिकत १८९७ साली एका इंग्रजी पुस्तकात ग्रथित केली. पारशी क्रिकेटचा वृत्तान्त आणि युरोपियन पोलोविरुद्ध एतद्देशीय क्रिकेट हा झगडा, असे दोन्ही विषय त्यांनी पुस्तकाच्या नावातच गुंफले आहेत. गवताच्या रक्षणासाठी लिहिलेला असा ग्रंथ आपल्या देशात विरळाच.

पुढे सरकारने समुद्र हटवून काढलेल्या केनेडी सी-फेसवरील जमिनीचे तुकडे निरनिराळ्या समाजांना दिले. १८८७ मध्ये पारशी जिमखान्याला, १८९२ मध्ये इस्लाम जिमखान्याला आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखान्याला आपापली जागा लाभली. गवताच्या दृष्टीने हा लाभच होता. कुंपण पडले की विश्रांती देणे शक्य होते. पण एका अर्जावर एकत्र सह्या करणारे तीन समाज आता तीन कुंपणांआड गेले, हेही तितकेच खरे. हिरवळीला आसरा मिळाला आणि सहकार्याला तडा गेला.

आणि या कुंपणांच्या आतही आणखी एक अदृश्य कुंपण होते. धारवाडला जन्मलेले पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील तरुण पुण्याच्या एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम करीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. रूळ ओढावा, रेषा आखाव्या, जाळी उभारावी आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकावा, हा त्यांचा नित्यक्रम. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपणास बाद केल्याबद्दल तो दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. मात्र बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. ज्या जमिनीचा कण न् कण ते ओळखत होते, तिच्यावर त्यांना चाकराचीच जागा होती.

आमचा असा तर्क आहे की, बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीतील विलक्षण अचूकपणाला ही चाकरीच कारणीभूत झाली असावी. ज्याने रोज सकाळी खेळपट्टीवर रूळ फिरवला, त्याला तिचा ओलावा कोठे टिकतो आणि तडा कोठे जातो हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंना त्यांची गोलंदाजी हवीशी वाटली. परंतु खेळताना त्यांच्या हातचा चेंडू घेणारे सोबती चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदूंचे नेतृत्व मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्यास आले. एकेकाळी गवत राखणाऱ्याच्या घरात संघाचे नायकत्व येण्यास इतका काळ जावा लागला.

हा सर्व जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. परंतु गवताचा प्रश्न आपल्या काळातही न्यायासनापुढे आला. २०१६ च्या एप्रिलात मराठवाड्यात असा दुष्काळ पडला होता की लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला, आणि बहुतेक सामने अन्यत्र गेले. खेळपट्टीवर ओतलेल्या पाण्याने लातूरची तहान भागली असती काय, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. हिशेबाने पाहता कदाचित भागली नसती. तरीही आम्हास तो आदेश अर्थपूर्ण वाटतो. माणूस तहानलेला असताना गवताने निजून राहावे, हा हरळीचा स्वतःचाच धर्म आहे. तो माणसाने मोडू नये.

आजही आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली ती याच मैदानावर. भर पावसात चिखलात खेळली जाणारी, १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग मुंबईच्या फलंदाजांची खरी शाळा मानली जाते. या मैदानांना स्टेडियमचे वैभव नाही. त्यांचे गवत टिकते ते हरळीच्या चिवटपणावर आणि भल्या पहाटे खांद्यावर पाइप टाकून येणाऱ्या माळ्याच्या हातांवर.

आमच्या वाचकांच्या गावोगावी, मग ते इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की मडगाव, असे एखादे मैदान असेलच. त्यावर मंडप, सभा, वाहने आणि प्रदर्शने यांची तुडवण वाढत आहे. शापूरजींच्या काळी घोडे होते, आता खिळे आणि चाके आहेत. मैदान समितीने वर्षातून सहा आठवडे तरी ते मोकळे सोडावे, दिलेले पाणी विहिरीचे वा वापरून शुद्ध केलेले असावे, आणि जो माळी ते राखतो त्याच्या मुलाला त्यावर खेळण्याचा पहिला मान असावा. यांतील पहिल्या दोन गोष्टी गवतासाठी आहेत. तिसरी आपल्यासाठी आहे, आणि तिचे देणे अद्याप फिटलेले नाही.