हात न लावता झालेला हमला

‘अंगाला बोटही लावलं नाही, मग असॉल्ट कसला?’ हा सवाल आरोपीच करतो असे नाही. चांगली शिकलेली माणसेही तो करतात. असॉल्ट म्हणजे मारहाण, हे आपण गृहीतच धरले आहे. कायद्याला ते मान्य नाही.

जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 351 मध्ये आणि तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 130 मध्ये असॉल्टची व्याख्या मारापर्यंत पोचतच नाही. आता आपल्यावर बळ वापरले जाणार, असे समोरच्याला वाटेल असा हावभाव किंवा तयारी जाणूनबुजून केली, की हमला पुरा झाला. मूठ उगारणे हा हमला. चवताळलेल्या कुत्र्याचे मुसके सोडू लागणे हाही हमला. दोन्ही उदाहरणे संहितेनेच दिली आहेत. प्रत्यक्ष हात पडला, तर त्याला निराळी संज्ञा आहे : फौजदारीपात्र बलप्रयोग. लोकसेवकाला अडवण्याविषयीच्या, दंड संहितेच्या कलम 353 मध्ये ‘हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग’ असे शब्द होते. दोन्ही एकच असते, तर मधला ‘किंवा’ कशाला?

इजाच नाही तर गुन्हा कसला, हा आक्षेप फार जुना आहे. 1348 च्या सुमारास इंग्लंडात एक जण रात्री दारूच्या गुत्त्यावर आला आणि बंद दारावर कुऱ्हाड आपटू लागला. मालकाच्या बायकोने खिडकीतून डोके काढून त्याला थांबायला सांगितले, तर त्याने तिच्यावरच कुऱ्हाड चालवली. वार चुकला. पंचांना यात काही नुकसान दिसेना. न्यायाधीशाने मात्र भरपाई देववली. तो निवाडा न्याय्यच होता. कुऱ्हाड अंगावर येताना त्या बाईने जे भोगले, ते वार चुकल्याने पुसले जात नाही.

मग प्रत्येक शिवी हमला ठरेल काय? नाही. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, असे संहिता स्पष्ट बजावते. पण हावभावाचा अर्थ शब्दांवरून ठरू शकतो. 1669 च्या एका इंग्लिश खटल्यात तलवारीवर हात ठेवून एक जण म्हणाला, न्यायाधीश गावात आले नसते तर तुझे हे बोलणे मी ऐकून घेतले नसते. आत्ता मारणार नाही, हे त्याच्याच तोंडून निघाल्यामुळे न्यायालयाने तो हमला मानला नाही.

इंग्लंडच्या 1861 च्या कायद्यात असॉल्ट हा शब्द प्रत्यक्ष मारालाही लागतो, हे खरे. आपल्या संहितेने मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या. म्हणून तक्रारदाराला ‘लागलं कुठे ते दाखवा’ असे विचारणे चूक आहे. समोरच्याने नेमके काय केले, हे आधी विचारायला हवे.