डोक्यातले पाय

कराडला प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल घ्यायची तेव्हा झुरळाचे माउथपार्ट्स ही पोरांची हमखास मार्कांची स्लाइड असायची. ग्लिसरीनच्या थेंबात एकेक भाग सुईने सोडवून मांडायचा, वर कव्हरस्लिप. स्लाइड तपासताना मी विचारायची, हे जबडे मुळात कोण? ते पाय आहेत. खेकडा, विंचू, झुरळ, गोम, सगळ्यांचं डोकं म्हणजे शरीराचे पुढचे खंड एकजीव होऊन झालेला भाग. त्या खंडांच्या पायांच्याच मिशा झाल्या, जबडे झाले.

वाद होता जुळणीचा. खेकड्याला मिशांच्या दोन जोड्या, झुरळाला एक, विंचवाला एकही नाही. मग कुणाचा कुठला खंड कुणाशी लावायचा? यावर शंभराहून अधिक वर्षं प्राणिशास्त्रज्ञ भांडले. १९९८मध्ये कोळ्यांच्या भ्रूणातल्या जनुकांवरून जुळणी लागली. विंचवाच्या तोंडापुढचे छोटे चिमटे म्हणजे झुरळाच्या मिशा. त्याचे मोठे चिमटे म्हणजे खेकड्याच्या मिशांची दुसरी जोडी. झुरळाच्या त्या खंडाला काही उगवतच नाही!

पण जनुकं आजच्या जिवांची. डोकं टप्प्याटप्प्याने कसं घडलं ते दगडातच पाहावं लागतं, आणि आपला सातारा-सांगलीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ही घडण त्याच्याही पंचेचाळीस कोटी वर्षं आधीची. चीनच्या युन्नान प्रांतात चंगच्यांगला १९८४मध्ये हौ शिअनक्वांग यांना त्या काळातले, ५१.८ कोटी वर्षांपूर्वीचे जीव सापडले. त्यांत फूशिआनहुइया होता. त्याच्या मिशांमागे, डोक्यावरच्या कवचाखाली, वाकड्या आकृत्यांची एक जोडी दिसे. कुणी म्हणे पाय, कुणी म्हणे आतड्याच्या पिशव्या. कवच मध्ये असल्याने निकाल लागेना. मग त्याच प्रांतात श्याओशिबाला त्याच्या भाऊबंदांचे असे नमुने मिळाले, की त्यांचं कवच गाडलं जातानाच बाजूला सरकलेलं. आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये कात्रीने करायचो ते काम तिथे आपोआप झालं होतं. २०१३मध्ये ते नमुने प्रसिद्ध झाले : त्या आकृत्या म्हणजे पायच होते, अन्न तोंडाकडे ओढायला वाकलेले. त्यांच्यामागे जबडा दिसला नाही, नुसते एकासारखे एक पाय. डोळे, मिशा आणि पायांची एक जोडी, एवढ्यावर डोकं संपतं. जबड्याआधीचं डोकं असं उघडं पाहायला मिळणं हे मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत मोठं धन वाटतं.

मिशांमागच्या पायांचा तोच खंड आपल्याकडे जिवंत पाहता येतो. पावसाळ्यात पठारांवरच्या डबक्यांत पाठीवर पोहणारे, खेकड्याच्या गटातले फेअरी श्रिम्प असतात. सह्याद्रीतल्या एका जातीला प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी २०१४मध्ये स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस हे नाव दिलं. यांचा नर मादीला धरतो तो मिशांच्या दुसऱ्या जोडीने, म्हणजे विंचू ज्या खंडाच्या चिमट्यांनी भक्ष्य धरतो त्याच खंडाच्या अवयवाने.

तोंडावरचा वरचा ओठ कुठल्या खंडाचा, हा वाद मात्र अजून चालू आहे. जीवाश्मतज्ज्ञ ग्रॅहम बड यांनी २००२मध्ये मांडलं, की तो सर्वांत पुढच्या, डोळ्यांच्या खंडावरच्या अवयवांचा अवशेष आहे. मला हे पटतं. पुष्कळ कीटकांच्या भ्रूणात हा ओठ एकसंध येत नाही, पायांसारखे दोन कोंब फुटतात आणि मग ते जुळतात.