फलंदाजीची सरासरी

फलंदाजीची सरासरी : क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या कामगिरीचे मोजमाप करण्याचे प्रमुख परिमाण. फलंदाजाच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागले असता ही सरासरी मिळते. भाजक म्हणून खेळलेले डाव न घेता बाद झाल्याचे प्रसंग घेतले जातात. या परिमाणाची उपयुक्तता आणि त्यासंबंधीचे बहुतेक वाद या एकाच संकेतातून उद्‌भवले आहेत. काही खेळांत ही अडचण नसते. डार्ट्समध्ये ५०१ पासून गुण वजा करीत शून्यावर यावयाचे असते व दर तीन बाणांमागे मिळविलेले गुण ही खेळाडूची सरासरी मानतात. किमान नऊ बाणांत खेळ संपविल्यास ती १६७ येते. तेथे फेकलेला प्रत्येक बाण हिशेबात येतो. फलंदाजाचा डाव मात्र जोडीदार बाद झाल्याने, डाव घोषित झाल्याने किंवा विजय मिळाल्याने अपुरा राहू शकतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सरासरी पूर्णांक व बाकी अशा रूपात देत. दहा डावांत ५४ धावा म्हणजे ‘पाच व वर चार’. दशांश अपूर्णांक नंतर रूढ झाले. या परिमाणाची सांख्यिकीय चिकित्सा जी. एच. वुड व विल्यम एल्डरटन यांनी १९४५ मध्ये केली. कोणत्याही धावसंख्येवर बाद होण्याची संभाव्यता सारखीच असेल, तर डावांतील धावा भूमितीय श्रेढीनुसार विखुरतात आणि नाबाद डाव भाजकातून वगळणे योग्य ठरते. प्रत्यक्षात फलंदाज आरंभी अधिक असुरक्षित असतो व शून्यावर संपणारे डाव अपेक्षेपेक्षा अधिक आढळतात.

या संकेताचे परिणाम महाराष्ट्रातील क्रिकेटमध्ये ठळकपणे दिसतात. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेतील अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. शेष संघाच्या ३८७ धावांच्या दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे ३०९ धावा काढून बाद झाले. बंधू विवेक यांच्यासह त्यांनी केलेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा अवघा २१ होता. मर्चंट यांचा तो डाव भाजकात मुळीच धरला गेला नाही, हजारे यांचा एक म्हणून धरला गेला.

याहून बोलके उदाहरण भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२) यांचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागीदारी रचली. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमास नऊ धावा कमी असताना काठेवाडने सामना सोडून दिला. निंबाळकर यांनी प्रथम श्रेणीच्या ११८ डावांत, १७ वेळा नाबाद राहून, ४,८४१ धावा केल्या व त्यांची सरासरी ४७·९३ आहे. पुण्याचा तो एक डाव वगळल्यास ती ४३·५४ वर येते, म्हणजे एका अपुऱ्या डावाने सरासरीत चारांहून अधिक धावांची भर पडली. तथापि ४३·५४ ही सरासरीही सामान्य नव्हे. निंबाळकर यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१·६४ ही दीर्घकाळ ब्रॅडमन यांच्या ९५·१४ च्या खालोखाल गणली गेली. २३४ डावांपैकी ४६ मध्ये ते नाबाद होते. सर्व डाव भाजक धरल्यास ती सु. ५७·५६ होते. कसोटीत ते १८ डावांत एकदाही नाबाद राहिले नाहीत. तेथे त्यांची सरासरी ४७·७२ आहे. सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमधील पहिल्याच मालिकेत आठ डावांत ७७४ धावा केल्या. तीनदा नाबाद असल्याने सरासरी १५४·८० झाली. संपूर्ण कारकीर्दीत मात्र ती ५१·१२ वर (१०,१२२ धावा) स्थिरावली. विनोद कांबळी यांची ५४·२० ही सरासरी त्याहून अधिक असली, तरी ती केवळ २१ डावांची आहे. अशी तुलना करताना डावांची संख्या सोबत दिली नाही, तर ती फसवी ठरते. खेळपट्टी व गोलंदाजीचा दर्जाही या आकड्यात उतरत नाही. मर्यादित षटकांच्या सामन्यांत धावगती निर्णायक असल्याने शंभर चेंडूंमागील धावांचे प्रमाण सरासरीच्या जोडीने देण्याची पद्धत पडली आहे.